आधी नोंद, मग दुरुस्ती: कोकणच्या हवेत सचित्र दुर्मीळ पुस्तकं जपताना

जुनं सचित्र पुस्तक सगळ्यात आधी चित्राच्या पानाशी मोडतं. चित्र बहुतेकदा वेगळ्या, जाड किंवा गुळगुळीत कागदावर छापलेलं असतं. ते फर्म्यात, म्हणजे दुमडून एकत्र शिवलेल्या पानांच्या जुडग्यात, शिवलेलं नसतं. कडेला दोन-तीन मिलिमीटर खळ लावून शेजारच्या पानाला चिकटवलेलं असतं. पान उलटताना सगळा ताण त्या रेषेवर येतो. त्यात कोकणची हवा. पावसाळ्याचे चार महिने कागद ओल पिऊन फुगतो, थंडीत सुकून आकसतो, आणि चित्राचा कागद नि मजकुराचा कागद कधीच सारखे फुगत नाहीत. चिकटवण सुटते, चित्र मोकळं होतं, आणि मोकळं झालेलं चित्र कधी ना कधी पुस्तकाबाहेर जातं. पोथीतलं देवाचं चित्र काढून चौकटीत लावणं तर घरोघरी झालेलं आहे.

दाखल वहीत मात्र त्या पुस्तकापुढे ‘पृष्ठे ३१२’ एवढंच असतं. चित्रं किती होती हे लिहिलेलंच नसल्यामुळे किती गेली हेही कळायला मार्ग नसतो. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या जुन्या संग्रहांवर काम करताना आम्ही एक क्रम सोडत नाही: पुस्तक पुसण्याआधी, शिवण्याआधी, डब्यात घालण्याआधी त्याची पूर्ण नोंद. दुरुस्ती कितीही चांगली असली तरी ती काही ना काही पुरावा पुसतेच. जुन्या खळीची रेष, शिवणीची भोकं, दोन पानांमधला केरसुद्धा काहीतरी सांगत असतो.

नोंदीची सुरुवात मोजणीने होते. पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक पान मोजायचं, कोरी पानंही धरून. छापील पृष्ठांक वेगळे लिहायचे आणि चित्रपानं वेगळी, कारण चित्रपानांना बहुधा पृष्ठांक नसतो. प्रत्येक चित्रापुढे ते कोणत्या पृष्ठासमोर आहे हे लिहायचं. आरंभी ‘चित्रांची यादी’ छापलेली असेल तर ताळा पाहायचा. यादी नसेल, किंवा यादीत १४ आणि हातात ११ असतील, तर गेलेल्या चित्रांच्या खुणा शोधायच्या. त्या बहुतेक वेळा सापडतात. शिवणीजवळ खळीची तपकिरी, खरखरीत रेष किंवा कागदाची उरलेली चिंधी दिसते. त्याहून बोलका पुरावा समोरच्या पानावर असतो: छपाईच्या शाईतलं तेल वर्षानुवर्षं दाबाखाली राहून समोरच्या कागदात उतरतं आणि तिथे चित्राची फिकट, उलटी छाया उमटते. पान खिडकीशी तिरपं धरलं की त्यात मुकुट, धनुष्य, झाडाची फांदी ओळखू येते. चित्र गेलेलं असलं तरी ते कशाचं होतं हे असं कळतं. पान ‘स्वच्छ’ केलं की ही छाया गेली, म्हणून तिचा फोटो आधी काढायचा.

लिहायला फक्त मऊ शिसपेन्सिल. टेबलावर पेन ठेवायचंच नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले हवेत. सुती हातमोजे नकोत, त्यांत बोटांना कागदाची जाणीव होत नाही आणि ठिसूळ कड अडकून तुटते.

मग चित्र कोणत्या पद्धतीने छापलंय ते ओळखायचं. त्याला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छापणारा छापखाना, चालवला त्या १८३०च्या दशकापासून कितीतरी मराठी पोथ्या शिळाछापावर निघाल्या. त्यांत अक्षरं हाताने लिहिलेली असतात आणि चित्र त्याच पानावर, त्याच शाईत येतं. भिंगाखाली रेघ सपाट दिसते, कागदात रुतलेली नसते, आणि छटा असेल तिथे दगडाचा बारीक, अनियमित रवा दिसतो. लाकडी ठशाचं चित्र असेल तर पानाच्या मागून बोट फिरवताना हलका उठाव लागतो आणि रेघेच्या कडेला शाईची गडद किनार दिसते. रंगीत शिळाछापात वेगवेगळ्या रंगांचे वेडेवाकडे ठिपके एकमेकांवर पडलेले असतात आणि चित्राच्या कडेला एखादा रंग किंचित सरकलेला असतो. १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याची चित्रं या जातीची. हाताने भरलेला रंग मात्र रेघ ओलांडतो, आणि त्याला ब्रशाच्या ओघाची कड असते. ओळीने मांडलेले, जाळीसारखे नियमित ठिपके दिसले की तो हाफटोन ब्लॉक, म्हणजे फोटो ठिपक्यांत फोडून केलेला छपाईचा ठसा.

ही ओळख तारखेसाठीही लागते. हाफटोन व्यवहारात आला तो १८८०च्या दशकात. मुखपृष्ठावर १८६८ साल आणि आत हाफटोनचं मुखचित्र असेल तर ते चित्र मागाहून चिकटवलेलं आहे, किंवा मुखपृष्ठ दुसऱ्या प्रतीचं आहे. दोन्ही प्रकार आढळतात, आणि दोन्हींची नोंद तशीच करायची. कॅलेंडरातलं किंवा सुटं विकत घेतलेलं चित्र मालकाने पोथीत लावलेलं असेल तर ते ‘पुस्तकाचं चित्र’ म्हणून मोजायचं नाही, पण काढूनही टाकायचं नाही. ‘नंतर लावलेले’ असा शेरा पुरे.

सालाची सर्वांत मोठी गफलत एका छापील ओळीमुळे होते. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांवर ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर’ अशा अर्थाची ओळ असते. तो तेव्हाचा पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा, ते साल पुस्तकाचं नव्हे. मुखपृष्ठ फाटलेलं असेल तर नोंद करणाऱ्याच्या नजरेला तेवढाच आकडा पडतो आणि यादीत प्रकाशन वर्ष १८६७ चढतं. एखाद्या जुन्या यादीत १८६७ची पुस्तकं संशयास्पद संख्येने दिसली तर ती सगळी पुन्हा उघडून पाहावीत. त्या ओळीवरून एवढंच ठरतं की पुस्तक १८६७च्या आधीचं नाही.

शक असेल तर ७८ मिळवायचे, पण शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, म्हणून महिना-तिथी नसेल तर दोन्ही इसवी सनं लिहायची: शके १८०० म्हणजे १८७८ किंवा १८७९. कसरीने शेवटचा आकडा खाल्ला असेल तर संवत्सराचं नाव उपयोगी पडतं. समजा ‘शके १८०’ एवढंच उरलंय आणि पुढे ‘पार्थिवनाम संवत्सरे’ आहे. शकात १२ मिळवून ६०ने भागलं की बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. पार्थिव एकोणिसावा. १८०७ अधिक १२ म्हणजे १८१९; ६०ने भागून बाकी १९. तेव्हा शके १८०७, म्हणजे १८८५-८६. यानंतर शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’शी ताळा घ्यायचा. तिच्यात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं येतात, पण आपल्या प्रतीत चित्रं किती हे आपल्यालाच मोजावं लागतं.

संगणकावर कोहा ही ग्रंथालय प्रणाली असेल तर मार्क या नोंदीच्या ठरलेल्या साच्यातल्या रकाना ३००मध्ये पानं, चित्रं आणि आकार, ५००मध्ये सर्वसाधारण टीपा, ५६१मध्ये प्रत कुणाकुणाकडून आली, ५६३मध्ये बांधणी, ५८३मध्ये आपण काय उपचार केले आणि कधी. चित्रांची नोंद आम्ही अशा भाषेत करतो: ‘मुखचित्र व ११ चित्रपाने, पैकी ३ हाताने रंगवलेली, पृ. ४८, ९६, १३० समोरील चित्रे नाहीत, पृ. ९६ वर चित्राची उलटी छाया, बसलेली स्त्री व मोर, पृ. २१२ समोरील चित्राचा खालचा डावा कोपरा नाही, चित्रकाराच्या सहीचा अर्धा भाग गेलेला.’ ‘प्रत जीर्ण’ असा शेरा कुणाच्याच कामाचा नाही. दहा वर्षांनी पुन्हा पाहणाऱ्याला नुकसान वाढलं की तेवढंच आहे हे त्यातून कळत नाही.

पानांत सापडलेल्या वस्तूंचंही असंच. पारायणाच्या पोथीत अक्षता, पिंपळपान, मोरपीस, हळदीकुंकवाचे डाग असणारच. डाग पुसायचे नाहीत. कोणता अध्याय जास्त वाचला जायचा हे त्या डागांवरून दिसतं. अक्षता आणि पानफूल मात्र काढायचं, कारण त्यांनी किडे येतात. ते कागदी पाकिटात घालून त्यावर पान क्रमांक लिहायचा आणि पाकीट पुस्तकाच्या डब्यात, पण पुस्तकाबाहेर ठेवायचं.

आता हवा. जांभ्याच्या भिंती ओल शोषतात. त्यामुळे भिंतीतलं कोनाड्यासारखं कपाट दिसायला छान असलं तरी पुस्तकांना सर्वांत वाईट. मांडणी भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर पुढे आणि खालची फळी जमिनीपासून वीतभर वर हवी. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरा धरतो. ४५ ते ६० टक्के चांगली, आणि त्यातही ती स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, पण तो खरं सांगतो का हे आधी तपासावं: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन जेमतेम ओलं करायचं, मापकासोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ दिसायला हवेत. ७० दिसले तर पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे.

‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला पावसाळ्यात उलटतो. आषाढात बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा ओली असते, खिडक्या उघडल्या की तीच आत येते. त्या दिवसांत दारं-खिडक्या बंद, आत पंखा मंद चालू आणि ओल शोषणारं यंत्र. यंत्राची बादली भरली की ते आपोआप थांबतं. रविवारी बादली भरली तर सोमवारी सकाळपर्यंत खोली पुन्हा ओली. म्हणून नळी लावून पाणी थेट बाहेर काढावं. वातानुकूलन फक्त कार्यालयीन वेळेत लावण्यापेक्षा न लावलेलं बरं: संध्याकाळी ते बंद झालं की ओली हवा आत शिरते आणि थंड झालेल्या पुठ्ठ्यांवर, पोलादी कपाटाच्या पत्र्यावर दव धरतं.

बुरा दिसला की लगेच फडका मारायचा नाही. ओला बुरा चोळला की कागदात घुसतो आणि रंग सोडतो. पुस्तक वेगळ्या कोरड्या खोलीत, पानं किंचित उघडी ठेवून, पंख्याचा झोत अंगावर न घेता सुकू द्यायचं. बुरा कोरडी पूड झाला की मऊ ब्रशाने शिवणीकडून बाहेर असा झटकायचा आणि जाळी लावलेल्या व्हॅक्यूमच्या तोंडात घ्यायचा. तोंडाला एन-९५ मास्क हवाच. उन्हात घालू नये. बुरा जातो, पण हाताने भरलेले रंगही जातात. ७० टक्के अल्कोहोल फळ्या पुसायला ठीक, चित्राला लावायचं नाही.

किडीचं पाहताना आधी कोण खातंय ते ओळखावं. कसर कागदाचा वरचा थर खरवडते, खळ आणि गुळगुळीत लेप तिला आवडतो. पुस्तकी भुंगेऱ्याची अळी टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं पाडत आरपार जाते, आणि पुस्तक उचललं की बारीक पूड सांडते. वाळवी मातीची वाट बांधून येते. तिच्यासाठी पुस्तकावर नव्हे, इमारतीवर उपाय करावा लागतो. कुंभारीण माशी कण्यावर मातीचं घर बांधते. ते पूर्ण सुकल्यावरच लाकडी पट्टीने उचलायचं, ओलं असताना काढलं की कापडाचा रंग घेऊन येतं. डांबरगोळ्यांनी कीड मरत नाही, माणसांना मात्र त्रास होतो. कडुनिंबाची ओली पानं कागदावर डाग पाडतात.

भुंगेऱ्यावर गोठवणं हा सर्वांत सुरक्षित उपाय आहे. पुस्तक पॉलिथिनच्या पिशवीत, हवा काढून, चिकटपट्टीने बंद करायचं आणि उणे १८ अंश किंवा त्याखाली दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. पाणी पिशवीच्या बाहेर धरतं, आत नाही. इथे घात होतो तो वीज गेल्यामुळे. तापमान वर आलं की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. डीप फ्रीझर फक्त पुस्तकांचा असावा, मासळीचा कधीच नाही.

दुरुस्तीला गव्हाच्या शुद्ध सत्त्वाची खळ. २० ग्रॅम सत्त्व १०० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवायचं, मंद आचेवर, पातेल्याखाली दुसरं गरम पाण्याचं पातेलं ठेवून, ढवळत पाऊण तासापर्यंत शिजवायचं. कुरडयांच्या चिकासारखा तिचा पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी झाली की उतरायची. पण कुरडयांचा आंबवलेला चीक वापरायचा नाही, तो आम्लधर्मी असतो. मैदाही नको. गार झाल्यावर तीनदा चाळायची, लागेल तेवढी पातळ करायची. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकायची. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. त्यातल्या तांब्यामुळे कागद आतून जळतो. कण्याजवळ पान हिरवट-तपकिरी होऊन तुटतं ते यामुळे.

सुटं चित्र जसंच्या तसं पुन्हा कडेला चिकटवलं तर पुन्हा तिथेच सुटेल, आणि या वेळी कागद घेऊन. त्याऐवजी जपानी टिश्यूची, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ पण मजबूत कागदाची, ८ ते १० मिलिमीटरची पट्टी पाण्याच्या रेघेवर फाडून घ्यायची, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात. अर्धी चित्राच्या पाठीला, अर्धी शेजारच्या पानाला, बिजागरीसारखी. वर न चिकटणारं पॉलिस्टर कापड, मग टीपकागद, मग वजन. टीपकागद पंधरा मिनिटांनी बदलायचा. आर्ट पेपरवर, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर, खळ अगदी घट्ट आणि कमी घ्यायची. पातळ खळीने वरचा चिनी मातीचा थर उचलतो. सेलोटेप आणि सुतारकामाचा पांढरा गोंद वर्ज्य. आधी लावलेला सेलोटेप ओढायचा नाही, ते काम प्रशिक्षित संवर्धकाचं.

रंगांच्या बाबतीत सावधगिरी जास्त. शिळाछापाची शाई तेलकट काजळीची, पाण्याला दाद देत नाही, म्हणून पान पाण्याने धुता येईल असं वाटतं. पण वर हाताने भरलेला रंग पाण्यात सुटतो. कडेच्या एका ठिपक्यावर ओला कापसाचा बोळा क्षणभर टेकवून पाहावा. आम्ल कमी करण्यासाठी कागद चुन्याच्या निवळीत बुडवण्याची पद्धत आहे. प्रशियन निळा त्यात तपकिरी होतो, तेव्हा रंगीत पानाला ती लावायची नाही. तांब्याचा हिरवा, जंगाल, असेल तिथे पानाच्या मागे तपकिरी छाप दिसतो आणि कागद पापडासारखा फुटतो. ते पान वाकवायचंच नाही. पिवळा हरताळ आणि काही हिरवे रंग आर्सेनिकचे असतात. त्या पानांना नायट्राइलचे हातमोजे, आणि नंतर हात धुणं.

बाइंडरकडे द्यायची वेळ आली तर एक वाक्य लिहून द्यावं: तिन्ही कडा कापायच्या नाहीत. कटिंग मशीनखाली चित्राखालची ओळ आणि चित्रकाराची सही सर्वांत आधी जाते. शक्यतो बांधणी बदलूच नये. आम्लमुक्त पुठ्ठ्याचा मापाचा डबा करावा. पोथी असेल तर धुऊन खळ काढलेल्या, न रंगवलेल्या मांजरपाटात गुंडाळावी. लाल खारव्याचा रंग ओल लागली की कागदावर उतरतो.

फोटो काढताना कॅमेरा स्टँडवर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, चौकटीत मोजपट्टी आणि रंगपट्टी. पुस्तक ९० अंशांहून जास्त उघडायचं नाही, पाळण्यात, म्हणजे दोन्ही पुठ्ठ्यांना तिरपा आधार देणाऱ्या घडवंचीत, ठेवायचं. मूळ आकाराला ४०० पीपीआय (दर इंचाला बिंदू) पुरतात, बारीक रेघांच्या चित्राला ६००. हाफटोनवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर रिझोल्यूशन वाढवायचं, नंतर लहान करायचं. मूळ फाइल टिफ, तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. २०२०चं निसर्ग चक्रीवादळ आठवलं तर दुसरं गाव घाटावरचं असलेलं बरं. फोटो सर्वांसाठी खुले करायचे असतील तर लेखकाचा आणि चित्रकाराचा हक्क वेगवेगळा तपासायचा. भारतात तो मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ साली वारले, त्यांची चित्रं २००५पासून मोकळी आहेत, पण त्याच पुस्तकाचा लेखक पुढे १९७० पर्यंत जगला असेल तर मजकूर मोकळा नाही.

पुराची तयारी कोरड्या दिवसांत करावी लागते. चिपळूणचा २२ जुलै २०२१चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. आधी काय उचलायचं याची यादी दाराशी लावलेली हवी, आणि त्यात आर्ट पेपरवरची चित्रं पहिली. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, त्यानंतरच्या दशकांतल्या दिवाळी अंकांत असा कागद पुष्कळ असतो. भिजलेला साधा कागद उशिरा वाळवला तरी बुरा धरेपर्यंत दोनेक दिवस मिळतात. आर्ट पेपर मात्र एकमेकांना टेकलेला वाळला की लेप एकजीव होतो आणि पानं कायमची चिकटतात, त्याला तासांचीच मुदत. तेवढ्यात प्रत्येक चित्रामागे पॉलिस्टरचा कागद घालता आला तर उत्तम. नाही तर ओलंच, न उघडता, पिशवीत घालून गोठवायचं. फ्रीझर चालू नसेल तर मिरकरवाडा, हर्णे यांसारख्या बंदरांवर बर्फ मिळतो. नव्या थर्मोकोलच्या पेटीत खाली-वर बर्फाच्या बंद पिशव्या आणि मधे पुस्तकं, कणा खाली करून. बर्फाने पुस्तक गोठत नाही, फक्त काही तास हाताशी येतात. तेवढ्यात ते उणे १८च्या फ्रीझरपर्यंत पोहोचवायचं. गोठलेलं पुस्तक मग संवर्धकाची वेळ मिळेपर्यंत राहू शकतं. पिशवीवर दाखल क्रमांक शिसपेन्सिलीने कागदावर लिहून बाहेरच्या दुसऱ्या पिशवीत घालायचा, कारण ओल्या पिशवीवर मार्कर टिकत नाही.